माउसपॅड जयाताईंना द्यावे

आज मंगळवार, दिनांक २ डिसेंबर २०२५, सकाळचे साडेसहा. दुकानाचे शटर आतून लावून मी, गोरक्ष सहादेव चेमटे, वय २४, शिक्षण नववी, धंदा टायपिंग व झेरॉक्स, रा. घोडेगाव, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दारू मी पीत नाही, आणि समोर बसून कोणी लिहवून घेत नाही.

१. संगणक, प्रिंटर, झेरॉक्स मशीन आणि बँकेतले पैसे आई केशरबाई हिला. मशीनमध्ये कागद अडकला तर मागचे झाकण उघडावे, ओढू नये. चुलत्यांनी न विचारता दारातला लिंब तोडला, ते मी माफ केलेले नाही. माझ्या दहाव्याला त्यांनी पुढे पुढे करू नये.

२. माउसपॅड. हे यंदा पोळ्याच्या आठवड्यात नगरला जुन्या सामानाच्या दुकानातून घेतले, पावती जोडली आहे. त्यावर फ्रान्सचा सेनापती नेपोलियन याचे चित्र आहे, एक हात पांढऱ्या जाकिटात घातलेला. आमच्या बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरतो, म्हणून बाजाराचे दलाल हसायचे, "गोरख, तुज्या सायबाचा सौदा अजून तुटला न्हाई व्हय?" सौदा तुटणे म्हणजे भाव पक्का होणे.

१२ नोव्हेंबरला सकाळी गावातले काकासाहेब टेम्पो घेऊन आले. तेही दलालच. त्यांची आई गोजरबाई आजारी आहे, दवाखान्यात नेतो, जाता जाता तिचा अंगठा घ्यायचा आहे म्हणाले. मृत्युपत्राचा कागद बाहेरून टाइप होऊन आला होता. सगळी जमीन काकासाहेबांना, गोजरबाईंची मुलगी जया हिला काही नाही. तारीख मागच्या वर्षीच्या मे महिन्याची. कागदाखाली धरायला त्यांनी माझे पॅड उचलले आणि मला शाई घेऊन टेम्पोत बोलावले. त्यांनी गोधडीतून आजीचा हात बाहेर काढला, तो मी धरला. थंड होता, बोटे वळत नव्हती.

"काका, आजी..."

"झोपलीय. दाब."

मी हात सोडला. मग त्यांनीच दाबला. अंगठा कागदाच्या कडेवर पडला. बराचसा कागदावर, राहिलेली कड नेपोलियनच्या पांढऱ्या जाकिटावर. तासाभराने गावात सांगितले की म्हातारी वाटेत वारली.

म्हणजे मागच्या वर्षीच्या कागदावरचा अंगठा यंदा घेतलेल्या पॅडवर पुरा होतो. मला हे त्याच दिवशी कळले. काकासाहेबांना गेल्या बाजारी कळले. दुकानात येऊन त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खालून बोटे दाबली. तेवढे पैसे मला दोन वर्षांत मिळत नाहीत.

"चित्र दे. सौदा तोड."

मी नाही म्हणालो. त्यांनी हात सोडला नाही. माझा अंगठा तेवढा मुठीत धरून म्हणाले, "मान्साचा एवढाच लागतो बग. बाकीचा नसला तरी चालतं."

दुकानात चार गिऱ्हाइके होती. त्यांना टॉवेल दिसला.

जयाताई कर्नाटकात ऊसतोडीला आहेत. फोनवर म्हणाल्या, "दादा, उचल घेतलीय, मुकादम सोडंना. आईतवारी येते कशीबी. तवर जिवाला जप." त्या आल्या की आम्ही दोघे पोलिसांत जाणार आहोत. त्याआधी माझे काही झाले तर पॅड व पावती जयाताईंची. ते कुठे ठेवले आहे हे फक्त त्यांना सांगितले आहे. आईला माहीत नाही, तिला कोणी विचारू नये.

३. मला पोहता येते. मोटारसायकल मी चालवत नाही. फवारणीचे औषध घरात नाही, कारण शेत नाही. यांपैकी कशाने मी गेलो असे कोणी सांगितले तर चौकशी करावी.

४. मी सही करतो. शाईचा अंगठा मी आजवर कोणत्याही कागदावर दिलेला नाही. यापुढे माझ्या नावासमोर तो उमटलेला दिसला, तर तो घेतला तेव्हा मी जिवंत नव्हतो असे समजावे.

ठिकाण : घोडेगाव
सही : गोरक्ष सहादेव चेमटे

साक्षीदार १ : वैजनाथ, शेजारचे चहावाले. वाचून सही केली.

साक्षीदार २ : आप्पासाहेब, दूध संकलन केंद्र. यांनी दोनदा वाचले, कागद खाली ठेवला आणि "दूध घालून येतो" म्हणाले. साक्षीदार दोन लागतात. आता साडेनऊ वाजले आहेत. जागा मोकळी ठेवली आहे.