दोन हात रुंद वावर

अप्पा, आज येळवस आहे आणि मी नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं मांडून बसले आहे. तीन बादल्यांत ज्वारी, चौथीत हरभरा. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आपल्या लातूरकडची माणसं घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातात, हे इथे मलाच समजावून सांगावं लागतं. खालच्या बाईंना काल अगदी तुमच्यासारखं, हसू दाबून सांगून आले, "उद्या आमच्या शेताला या जेवायला." त्या अजून कोड्यात आहेत.

गावचं वावर तलावात गेलं, आणि लातूर नवा जिल्हा झाला तसे तुम्ही नव्या कचेरीत कारकून म्हणून आलात. भाड्याच्या खोलीमागे, भिंत आणि मोरी यांच्यामध्ये, दोन हात रुंद जागा होती. घरमालक तिला बोळ म्हणायचा, तुम्ही वावर. तिथे तुम्ही ज्वारी पेरली, येळवशीला कडब्याची गुडघाभर कोप, म्हणजे खोपी, उभी केली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले आणि थेट साहेबांना आमंत्रण दिलं. साहेब पुण्याकडचे. ते बुटांसकट आत शिरणार, तोच तुम्ही हात आडवा केलात. "सायेब, पायताण भाईर. पीक हाय." साहेबांनी मुकाट्याने बूट काढले आणि मोरीशेजारी मांडी घालून तीन वाट्या आंबील प्यायले. एवढा ताठ कारकून मी पुन्हा पाहिला नाही.

मग तो दुष्काळ. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तुम्ही साबण सोडलात, घमेल्यात उभं राहून आंघोळ करायचात आणि तेच पाणी ज्वारीला नेऊन घालायचात. आई चिडायची, "माणसाला प्यायला न्हाई, आन् तुमी ज्वारीच्या ताटांना पाजायलाव!" तुम्ही मला दुपारी बोळात नेता, एका पानावर बोट ठेवता. पान कडेने वळून सुरळी झालेलं. "बघ, तान्हेलंय. तोंड मिटून बसलंय. सांजच्याला उघडतं का बघ." मी बघत नाही. मला लाज वाटते. वर्गातल्या मुलींची खरी शेतं आहेत, आणि माझा बाप मोरीकाठी शेतकरी होऊन बसलाय.

तुम्ही गेल्यापासून रोज दुपारी मी पानं बघते. सुरळी झाली की मलाही घोटभर पाणी प्यावंसं वाटतं. समोर सिमेंटच्या इमारती आहेत, तरी वारा कुठून आला, चिमण्या कधी येतात, हे मला या चार बादल्यांवरून कळतं. हे सगळं तुमचं आहे.

त्या दुष्काळातल्या येळवशीला तुम्ही मला हाक मारलीत. आंबील शिंपडत वावराला फेरी मारायची आणि मागून कुणीतरी "ओलगे ओलगे" अशी पिकासाठीची आरोळी द्यायची, असा आपला रिवाज. मी आतून ओरडले, "उद्या परीक्षा हाय, अप्पा!" तुम्ही एवढंच म्हणालात, "हाव, बस मग. अभ्यास कर." आणि एकटेच वळलात. दोन हात रुंद जागेत फेरी ती केवढी! तुम्ही शिंपडत होतात, ओरडतही तुम्हीच होतात, आणि दरवेळी मागून आवाज येतो का म्हणून जरा थांबत होतात.

हे पत्र ज्वारीच्या बादलीखाली ठेवते आहे. परीक्षा नव्हती, अप्पा. मी खिडकीच्या फटीतून बघत होते, आणि तुम्ही थांबलात की हळूच "ओलगे" म्हणत होते. तुम्हाला ऐकू जाणार नाही, एवढ्या हळू.