पिशवीचं ऑपरेशन

प्रिय सुवर्णाताई,

तू पाठवलेला रिपोर्ट पाहिला. त्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे. तेव्हा तू पिशवीचं ऑपरेशन म्हणालीस आणि मी इगतपुरीला आठ दिवस राहून तुला पेज भरवली. तुझ्या योगिनीचं लग्न जमत होतं, म्हणून तू अंडाशयाच्या कॅन्सरचं नावही काढलं नाहीस.

मी सातपूरच्या शाळेत दहावीला पेशीविभाजन शिकवते. एकीच्या दोन होण्याआधी पेशी आपला डीएनए तपासते, तुटलेलं जोडते, मगच पुढे जाते. आपल्या घरात ही जोडणी करणारं जनुकच बिघडलंय, आईकडून आलेलं; त्यातून अंडाशयाचा, स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. तुला ते या रिपोर्टातूनच कळलं होतं. तेव्हाच बोलली असतीस तर मीही तपासून घेतलं असतं. आता माझ्या छातीत गाठ आहे आणि सोमवारी ऑपरेशन.

फोनवर तू म्हणालीस, "अगं, पोरीच्या लग्नापुढे मला काही सुचलं नाही." तू माझी सख्खी बहीण आहेस ना, एवढंच विचारून मी फोन ठेवला.

हे पत्र कालच पोस्टात टाकणार होते. पण हर्षालीला बघायला कळवणची माणसं आली. मुलाच्या आईने सहज विचारलं, "घरात काही आजारपण?" माझी लेक समोर चहा देत होती. सोमवारी मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जातेय, असं तिला सांगितलंय.

मी म्हणाले, "नाही हो, आमच्याकडे तसं काही नाही."

तुझी सख्खी बहीण,
वैजू