सारिकाच्या फॉर्मवरचं ‘नाही’

३ नोव्हेंबर, सोमवार
आज शिरूर स्टँडवर बसूनच राहिले. आमच्या गावच्या, निमोण्याच्या तीन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या. उठवेना. लसीकरणाची यादी मांडीवर तशीच. आमच्या उपकेंद्राच्या नर्सताईंनी पाहिलं, शेजारी येऊन बसल्या. एक नंबर दिला. मनाचे डॉक्टर, दौंडचे. शिरूरला नको, मीच म्हटलं. इथल्या प्रत्येक दवाखान्यात आशा सेविका म्हणून मी गावातली कुणी ना कुणी बाई घेऊन गेलेय. आशाताईच पेशंट म्हणजे गावाला महिनाभर करमणूक.

५ नोव्हें.
फोन केला. १३ तारीख, अकरा वाजता. तिथली मुलगी म्हणाली, काय होतं, कधीपासून, ते लिहून आणा. चालू गोळ्या आणा. आणि तुम्हाला जवळून बघणारं घरातलं एक माणूस आणा.
यांना सांगितलं. "तुला काय धाड भरलीय? कांदा लावायला बाया मिळंनात, आन् तुझं हे." वाईट नाहीत हे. कळत नाही, एवढंच. मी तरी एकदा दुसरं काय बोलले होते?

७ नोव्हें.
लिहायला बसले. झोप नाही. जेवण जात नाही. उगाच रडू. इथवर सोपं. कधीपासून?
वही माझीच, खोटं कशाला लिहू. मनाच्या आजारांच्या सर्व्हेपासून. दोन वर्षं झाली. घरोघर जाऊन मीच विचारत होते, झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का. आमच्या घराचा फॉर्म शेवटी. धाकटी जाऊ सारिका भाकरी थापत होती. म्हणाली, "व्हय ताई. दोन्ही लिवा."
मी ‘नाही’ लिहिलं. दोन्हीकडं. आशाच्याच घरात असं निघालं तर लोक काय म्हणतील! वर तिलाच म्हटलं, काम कर, झोप लागंल.
त्याच दिवाळीला पोरीला घेऊन माहेरी खुटबावला गेली, ती आलीच नाही. सगळे म्हणाले, कामचुकार. मी गप्प. चुकलं माझं. फार चुकलं.

१० नोव्हें.
सारिकाला फोन. दोन वर्षांत पहिला. आधी पोरीची चौकशी, मग पीकपाणी. मग एका दमात सगळं सांगितलं. फॉर्मचंही.
सारिका म्हणाली, "मला म्हाईत हाय, ताई. तुमी लिवताना मी बघत व्हते."
बारावी झालीय ती. माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त. आणि मी समजत होते, तिला काही कळलं नाही.
म्हटलं, "मला जवळनं बघणारं माणूस तूच व्हतीस. येशील का दौंडला?"
"किती वाजता?"
अकरा म्हटलं. तिकडं पोरगी रडायला लागली, फोन बंद झाला. येते म्हणाली नाही. येत नाही असंही नाही.

१२ नोव्हें.
पिशवी भरली. गोळ्या, कागद, आधार कार्ड. भाकरी तिघींना पुरतील एवढ्या बांधल्या, कशाला कोण जाणे.

१३ नोव्हें., दौंड
दवाखान्यात फॉर्म दिला. जवळजवळ तेच प्रश्न. ‘होय’ लिहिलं. दोन्हीकडं. ‘सोबत कोण’ तेवढं कोरं ठेवलंय.
साडेअकरा. चौथा नंबर आत गेलाय, माझा सहावा. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवलीय. एका आजोबांनी विचारलं, "हितं कुनी बसलंय का?"
"व्हय आबा," म्हटलं. "आमचं माणूस येतंय."