टणक प्रायमर

डेला,
मी नेमबाजीच्या स्पर्धेला निघालोय. मक्याचा पाव ओव्हनमध्ये आहे.

काल बंदुकीच्या दुकानात प्रायमरच्या टिकल्या घेताना ऑर्विल म्हणाला, "पोरी, प्रायमर कुठलाही चालतो, घेऊन टाक." तू ठणकावलंस, "ऑर्विलकाका, बाबांची रायफल स्वतःच पुढची गोळी भरते. बोल्ट आपटून बंद झाला की आतली पिन काडतुसाच्या बुडाला, प्रायमरवर टेकते. मऊ प्रायमर तेवढ्यानंही उडेल, काडतूस आतच फुटेल, आणि बाबांचा गाल तिथंच असतो. टणकच द्या, नाहीतर राहू द्या." माझी छाती फुगली गं.

डॉक्टर माझ्या डोळ्यांबद्दल काय म्हणाले ते आईला मीच सांगेन. यापुढं घरी रिकाम्या काडतुसांत दारू, प्रायमर तूच भरायचीस. आज तू भरलेलीच नेतोय. कुणी विचारायच्या आधीच सांगणार आहे, माझ्या लेकीनं भरलीत.

— बाबा