तारामासा आणि तुझा हंडा

आई, तुझा तांब्याचा हंडा मी मघाशी रागाने माळ्यावर टाकला आणि लगेच परत खाली आणला. समोर लेकीचा काचेचा टँक आहे, त्यात खारं पाणी, आणि तिचा लाल तारामासा एक भुजा वाकडी करून काचेला जेमतेम धरून आहे. तू असतीस तर संगमनेरात कुठला आलाय समुद्र, म्हणून हसली असतीस. पुण्याला शिकायला जाताना लेक एवढंच म्हणाली, "आई, माझा तारा सांभाळ. पाणी आटलं की फिल्टरचं घाल, बाकी कशाला हात लावू नकोस." मी तेवढंच केलं. फक्त ते पाणी रात्रभर तुझ्या हंड्यात ठेवून.

दुसरं काय केलं असतं? शाळेत असताना मी प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी पिताना तुला दिसले, तर तू अख्खा कॅन मोरीत ओतलास. अजून दिसतं मला. तू अंगणात बसून चिंचेनं हंडा घासतेस आणि माझ्याकडे न बघता बोलतेस, "रातभर तांब्यात मुरलं म्हंजी पानी गुणाचं हुतं. लई शानी झालीस व्हय?" लग्नात तोच हंडा माझ्याबरोबर दिलास. आजारपणात, बाळंतपणात मी पाणी प्यायले ते त्यातलंच. ज्याच्यावर जीव, त्याला त्यातलंच द्यायचं, हे माझ्या हाताला तूच लावलेलं वळण.

गेले काही दिवस तारा मलूल होत चालला होता. आज सकाळी भुजेवर पांढरा चट्टा दिसला. लेकीने ज्याच्याकडून तो घेतला, त्या पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, "काकू, पाणी कशात साठवता?" मी सांगितलं, तेही जरा तोऱ्यातच. तो म्हणाला, "तांबं उतरतं हो पाण्यात. आपल्याला चालतं, ताऱ्याला ते विष."

तेव्हा तुझा राग आला, आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने सांगितलं तसं सकाळपासून थोडं थोडं पाणी बदलतेय, तांबं शोषून घ्यायला कोळशाची पिशवी सोडलीय, आणि दर वेळी काचेशी नाक लावून बघतेय, तारा काचेवरून सुटला तर नाही ना.

लेक संध्याकाळी येईल. तारा तोवर टिकेल की नाही, ठाऊक नाही. तिने विचारलं तर चुकून बोअरचं पाणी घातलं, असं सांगणार आहे. माझ्यावर चिडली तर चिडू दे, तुझ्या हंड्याला ती बोल लावेल ते मला सोसणार नाही. हा कागद कुठे पाठवायचा तर नाहीच, म्हणून एवढंही सांगते. लिहिता लिहिता घशाला कोरड पडली, तेव्हा उठून पाणी प्यायले, तुझ्या हंड्यातलंच.