चांदणीनंतरची वीस मिनिटं

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे आधी फ्रिजवर ठेवून देशील आणि मग आईला फोन करून विचारशील की ताईला झालंय काय. आईला अजून काही माहीत नाही. तुझा पत्तासुद्धा मी तिच्याकडून थाप मारून घेतला, तुला स्वेटर पाठवायचाय म्हणून. माझे फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे शेवटपर्यंत वाच. रविवारी सकाळी दहाला चष्मेवाला येणार आहे.

हो, तोच. साडेचार वर्षांपूर्वी वडिलांच्या आठवणींचं पुस्तक करून द्या म्हणून आगाऊ रक्कम देऊन गेला आणि महिन्याभरात काम थांबवून गायब झाला, तो. मंगळवारी दुपारी न कळवता दारात उभा. मी प्रिंटरची शाई बदलत होते, दोन्ही हात काळे. "माझं काम अर्धवट राहिलंय," म्हणाला, जसा काही मधे चहाला जाऊन आला. माझं डोकं फिरलं. पैसे परत मागायला आलाय असं वाटून मी मनातल्या मनात पावतीखालचा नियम घोकायला लागले, दोन वर्षं निरोप नसेल तर साहित्य ठेवलं जाणार नाही. दोनदा कळवलंही होतं मी त्याला. नियमाने माझी बाजू अगदी पक्की होती.

तेवढ्यात तो तुझ्या खुर्चीत बसला. ती खुर्ची मी कुणाला देत नाही, पण त्याला ऊठ म्हणवेना. वाळलाय गं खूप. चार महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांना, आपल्या क्रेनवाल्या आजोबांना, झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आपल्या मसुद्यातलं ते वाक्य त्याने वाचलं, तेव्हापासून बापलेक एका घरात राहूनही धड बोलले नव्हते, आणि आता बोलायचं म्हटलं तर सोयच उरली नाही. "मला पुस्तक नको," तो म्हणाला. "त्या वाक्याच्या पुढे बाबा काय म्हणाले, ते ऐकायचंय. काही म्हणालेच नसतील तर तेही सांगा." आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून गेले, "आहे ना, सगळं जपून ठेवलंय. रविवारी या."

काहीही जपून ठेवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी जागा कमी पडली म्हणून मी आजोबांच्या रेकॉर्डिंगची डिस्क पुसली आणि तिच्यावर दुसरं काम घेतलं. बुधवारी सगळे खण उपसले. जुना कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या वेळा वर लिहिल्यावर खाली काय राहणार?" तेव्हापासून जेवण जात नाही, आणि फोन वाजला की तोच असेल असं वाटून दचकते.

खणात एक गोष्ट मात्र सापडली. तू टाइप केलेलं ते पान.

आपली पद्धत आठवते ना? तू हेडफोन कानाला लावून रेकॉर्डिंगमधला शब्दन् शब्द उतरवायचीस, खोकला, उसासा, पाणी प्यायले, सगळं. कुणी मधेच "हे लिहू नको" म्हणालं की तिथे चांदणी काढून थांबायचीस. चांदणीच्या वरचा परिच्छेद काढून टाकणं माझं काम. माणसाच्या घरी मसुदा जाण्याआधी चांदण्या मी शोधायच्या, असं ठरलेलं होतं, आणि ते ठरवलंही मीच होतं. पानावर आजोबांचं वाक्य आहे: "माझा मुलगा कधी माझ्या मनासारखा झालाच नाही." त्याच्याखाली: "हे लिहू नको, पोरी." मग चांदणी. मग कोरा कागद, आणि कोपऱ्यात तुझ्या पेन्सिलीने, 'पुढे वीस मिनिटं'.

त्या आठवड्यात माझ्या डोक्यावर तीन कामं होती. मी ते पान वाचलंच नाही. चाळलंही नाही. गठ्ठा उचलला आणि चष्मेवाल्याला पाठवून दिला. चूक झाली, माणसाच्या हातून होते. पण त्याचा फोन आला तेव्हा मी जे केलं, ती चूक नव्हती. तो ओरडत होता आणि मी मधाळ आवाजात म्हणाले, "माझ्या बहिणीच्या हातून राहून गेलं, ती नवीन आहे." तू माझ्यासमोर बसली होतीस. कानावरचे हेडफोन तू कधी काढलेस ते मला कळलं नाही, टेबलावर ठेवलेले तेवढे दिसले. आईलाही मी तेच सांगितलं, वर म्हणाले की धाकटीचं लक्ष नसतं. पुढच्या सोमवारी तू बॅग भरलीस. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, नाक फारच वर होतं. माझ्याइतकं नाकावर माशी न बसू देणारं घरात दुसरं कुणी नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

चष्मेवाल्याला मी रविवारी सगळं सांगणार आहे. रेकॉर्डिंग मी पुसलं, त्या दिवशी पान मी पाठवलं, आणि बहिणीची काही चूक नव्हती. तू आलीस तरी, नाही आलीस तरी. आईला आजच सांगते, म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत तिचा फोन तुला आलेला असेल. आगाऊ रक्कम पाकिटात घालून ठेवली आहे. तो ती घेणार नाही, त्याला पुढचं वाक्य हवंय, आणि ते मी कधी ऐकलंच नव्हतं. आजोबांचं रेकॉर्डिंग करून घरी आलीस त्या दिवशी तू किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत होतीस. मग म्हणालीस, "ताई, तो परिच्छेद आठवणीने काढ हं. पुढचं सावकाश सांगते तुला." मी मान वर न करता "हो" म्हटलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. ती वीस मिनिटं जगात दोनच माणसांकडे आहेत, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नाही. माझी क्षमा राहू दे, ती मी समोर बसून मागेन. आजोबा तुला लिहू नको म्हणाले होते. सांगू नको म्हणाले होते का? नसतील म्हणाले, तर रविवारी दहाच्या आत ये. तुझी खुर्ची पुसून ठेवली आहे.

अजूनही तुझीच,
ताई