रुंद पात्र, खोल पात्र

३ मार्च, सोमवार

झालं ते असं —

१. बावीस वर्षांपूर्वी डॉक्टर बेनेगासांनी पुस्तक लिहिलं : नदीतलं बेट आपलं. त्या पुस्तकावर ते सरकारचे परराष्ट्र सल्लागार झाले.

२. पलीकडच्या देशाशी झालेल्या करारात हद्द खोल पात्रातून जाते. डॉक्टरांनी बेटापलीकडचं रुंद पात्र धरलं.

३. डॉक्टरांच्या कचेरीत मी नकाशे करते; दोरी टाकून नदीची खोली मोजली. खोल पात्र बेटाच्या अलीकडे आहे. म्हणजे बेट पलीकडच्या देशाचं.

४. पुढच्या सोमवारी आपले सैनिक तिथे चौकी उभारायला उतरणार. पलीकडे बंदुका तयार आहेत.

५. हे अजून फक्त मला माहीत आहे.

४ मार्च

आकडे पुन्हा तपासले. चूक माझी निघाली असती तर बरं झालं असतं.

कागद कोणाला दिसू नयेत म्हणून खिडक्या लावून बसले — आसुन्सिओनच्या या उकाड्यात!

५ मार्च

सांगितलं.

आमच्या कचेरीत महत्त्वाची गोष्ट आधी तेरेरे पिताना निघते, कागदावर नंतर. डॉक्टरांची सेक्रेटरी रामोना पानांवर बर्फाचं पाणी ओतत होती, एकच पेला हातोहात फिरत होता. नदीत बुडून आल्यासारखं तोंड का केलंयस, म्हणून ती मला चिडवत होती. मी नकाशा डॉक्टरांच्या गुडघ्यावर ठेवला. आकडे वाचले. आवाज सपाट ठेवला.

त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दोरी टाकून पाहिली नाही गं मी. काठावरून रुंद दिसलं, तेच लिहिलं."

पेला रिकामा करून रामोनाला दिला आणि म्हणाले, "आभार." तेरेरेत आभार म्हणजे बस, मला आता नको. पहिल्याच फेरीत असं कोणी म्हणत नाही. रामोनाचा हात थांबला. नकाशा घेऊन ते आत गेले. दार लावलं.

आता माझं काय करतील?

६ मार्च, सकाळ

डॉक्टर मंत्र्यांकडे गेलेत. रामोना म्हणाली, "तुझं पूर्ण नाव विचारून गेले. आईकडचं आडनावसुद्धा, सरकारी कागदावर लागतं तसं."

खाली गाडी थांबली की मी खिडकीपासून बाजूला होते.

६ मार्च, संध्याकाळ

आपलं पुस्तक चुकीचं आहे, असं डॉक्टरांनी मंत्र्यांना तोंडावर सांगितलं. दुपारी त्यांना काढलं. रामोना त्यांचं सामान खोक्यात भरतेय.

माझ्या टेबलावर मंत्रालयाचं पत्र : सल्लागारपद रिक्त आहे. जाताना डॉक्टरांनी तुमचं नाव सुचवलं. पद स्वीकारत असल्यास डॉक्टरांच्या पुस्तकातला जुना नकाशा बरोबर असल्याचं सहीनिशी लिहून द्यावं. उत्तर उद्या, शुक्रवारी, दुपारपर्यंत कळवावं.